फोनवर उभ्या राहिलेल्या भिंती

आमच्या ताईला गावात थर्माकोलबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ते ठाऊक आहे आणि तिचं त्यावर काही म्हणणं नाही. नाव पडलं तेव्हा ते हसण्यासाठीच पडलं होतं. आता लोक तेच नाव सांगून तिचा पत्ता विचारतात. चेष्टा कधी संपली आणि ओळख कधी सुरू झाली ते कुणालाच धड सांगता येणार नाही.

लग्नाआधीपासून ताई रस्त्याच्या टोकाच्या कारखान्यात कामाला होती. तिथं फळांच्या पेट्या आणि टीव्हीच्या खोक्यात बसवायचे पांढरे तुकडे बनायचे. मोहरीएवढे मणी वाफेवर फुगवायचे, साच्यात भरायचे, पुन्हा वाफ द्यायची, की मणी एकमेकांना चिकटून पेटी तयार. ताईचं काम म्हणजे साचा उघडून पेटी काढायची आणि कडा साफ करायच्या. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांत, स्वेटरवर पांढरे मणी. झटकावेत तर हातालाच चिकटायचे. भाऊजी तिला दारात उभी करून एकेक मणी टिपत बसायचे. मी एकदा म्हटलं, "कंगवा घ्या की." तर म्हणाले, "कंगव्यानं लवकर संपतं."

भाऊजी शटरिंगचे सुतार. काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा साचा उभा करायचा, त्याला टेकू द्यायचे, आतून तेल लावायचं, काँक्रीट घट्ट झालं की फळ्या सोडवून पुढच्या भिंतीला न्यायच्या. अंगाला कायम त्या तेलाचा वास. फळी निघून आतली भिंत पहिल्यांदा उघडी पडते, तो क्षण त्यांचा फार आवडीचा. "बाळाचं तोंड बघितल्यासारखं वाटतं," असं एकदा बोलून गेले आणि मग जीभ चावली, कारण त्या दोघांना मूल नव्हतं. ताई मात्र हसली. म्हणाली, "मग तुम्हाला गावभर पोरं आहेत म्हणायची."

दोघं भाड्याच्या एका खोलीत राहायची. आमचं गाव डोंगरउतारावरचं, वाऱ्याचं, हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद होणारं. खोलीच्या भिंती पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांच्या आणि इतक्या पातळ की शेजारी शिंकला तर आपण रुमाल द्यावा. थंडी पडली की भिंतीला आतून घाम फुटायचा, पाणी ओघळून गादीखाली जायचं, कपाटातल्या कपड्यांवर काळे ठिपके उठायचे. शेगडी पेटलेली असेपर्यंत ऊब, विझली की भिंत जणू ती पिऊन टाकायची. ताई म्हणायची, "आपण खोली नाही, डोंगर तापवतोय."

ताईच्या सासऱ्यांनी वरच्या उतारावर एक लहानशी जागा दिली होती. तिथं दोघांनी सुट्टीच्या दिवशी राबून पाया घातला. पायातून सळया वर काढून ठेवल्या, भिंतींसाठी. आणि त्याच वर्षी गावातलं बांधकाम थंडावलं. भाऊजींच्या हाताला काम राहिलं नाही. एक ठेकेदार दूरच्या थंड मुलखात सुतार पाठवत होता, त्याच्याकडे त्यांनी नाव दिलं.

"दोन वर्षं म्हणजे काय गं," ते ताईला म्हणाले. "डोळे मिटून उघडलेस की झाली."

"मग मी मिटूनच घेते," ताई म्हणाली आणि पाठ फिरवून त्यांची बॅग भरायला लागली.

माझं कपडे शिवायचं दुकान आहे. त्या काळात आमच्या गल्लीत फोन माझ्याच दुकानात होता. त्यामुळे भाऊजींचा फोन दर रविवारी दुपारी माझ्याकडे यायचा, आणि ताई जेवण अर्धं टाकून आधीच येऊन बसलेली असायची. गुंडाळलेल्या कापडांच्या ढिगाला टेकून ती बोलायची आणि मी मशीनवर पाय हळू करायचे. मशीन थांबवलं असतं तर मी ऐकतेय हे कळलं असतं. अर्थात तिला ते कळत होतंच.

पहिल्याच फोनला भाऊजी वैतागले होते. इतक्या मोठ्यानं बोलत होते की मलाही ऐकू येत होतं.

"अगं, फसलो. इथं शटरिंग काढतच नाहीत!"

"काढत नाहीत म्हणजे? फळ्या तशाच ठेवतात?"

"फळ्याच नाहीत. पांढरे ठोकळे आहेत, मधे पोकळ. मुलांच्या खेळण्यासारखे एकात एक बसवायचे, पोकळीत सळया घालायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. ठोकळे तिथंच राहतात, आतून आणि बाहेरून. मी सुतार आहे आणि माझ्या हातात करवत दिलीय ती थर्माकोल कापायला."

"थर्माकोल?" ताई सरळ होऊन बसली. "म्हणजे माझ्या कारखान्यातली पेटी?"

"तुझीच पेटी समज. फक्त हिच्यात फळं नाहीत, घर आहे."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ बसून राहिली. मला म्हणाली, "अगं, मी इतकी वर्षं साच्यातून भिंतच काढत होते की काय?"

भाऊजींचा वैताग हळूहळू उतरला. त्याचं कारण थंडी. तिथं बर्फ गुडघ्यापर्यंत असायचा आणि घर नुसतं बंद केलं तरी आत कोट काढून काम करता यायचं. दोन्ही बाजूंनी थर्माकोलचं पांघरूण, मधे काँक्रीट. वारा शिरायला फट नाही. "हिला घाम फुटत नाही," ते म्हणाले. इथल्या त्यांच्या खोलीतली भिंत त्यांच्या मनातून गेलेली नव्हती.

तिथला मुकादम म्हातारा होता आणि बोलका होता. चहाच्या सुट्टीत तो जे सांगायचा ते भाऊजी आठवडाभर जपून ठेवायचे आणि रविवारी ताईला सांगायचे. मुकादमाचं लहानपणचं घर मोठ्या युद्धानंतर बांधलेलं. घरं पडलेली, माणसं कमी, सामान नाही. तेव्हा लाकडाचा भुसा सिमेंटमध्ये कालवून, दाबून पोकळ ठोकळे करायचे, ते रचायचे आणि पोटात काँक्रीट भरायचं. त्याच्या आईनं आणि मावशीनं ते घर रचलं होतं. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं की भुशाऐवजी हा हलका पांढरा थर्माकोल घ्यावा.

"मग लोकांनी लगेच घेतलं?" ताईनं विचारलं.

"कसलं घेतायत! हसले. मग म्हणाले, तळघराला वापरू, जमिनीखाली काय केलंय कोण बघतंय. पुढं तेल महागलं, घर गरम ठेवणं जड जायला लागलं, आणि तळघरातली भिंत जिना चढून वर आली."

ताईला हे वाक्य इतकं आवडलं की ती ते पुढं सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगायची.

भाऊजी सगळं सांगायचे. आधी ठोकळ्यांच्या दोन बाजू लोखंडी तारांनी बांधत, त्या तारांतूनच थंडी आत येई, म्हणून आता प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. पहिला थर चुकला की वरचे सगळे चुकतात, म्हणून पहिल्या थराला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. सळई ठोकळ्याच्या खाचेत बसली की टक् असा आवाज येतो, तो आला नाही तर बसलेली नाही. हे ते फोनवर तोंडानं करून दाखवायचे, टक्. ताईही इकडून करायची. गिऱ्हाईक बाई ब्लाउजचं माप द्यायला उभी असायची आणि या दोघांचं टक् टक् चाललेलं.

दोन वर्षं संपली. तिथं काम वाढतच होतं. घरांवरून शाळा, शाळेवरून दवाखाने. मुकादम थकला आणि त्यानं भाऊजींचं नाव पुढं केलं. "आणखी एक वर्ष," भाऊजी म्हणाले. ताई "बरं" म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्या दुकानातलं एक कापड उचलून उगाचच घडी करत बसली. घातलेली घडी मोडायची, पुन्हा घालायची.

भाऊजींना सुट्टी मिळायची ती ऐन हिवाळ्यात, तिकडची कामं बंद असताना. तेव्हा आमच्या वरच्या उताराचा रस्ताही बर्फानं बंद. काँक्रीटची गाडी चढायची नाही. दोघं पायी वर जायची, पायातून निघालेल्या सळयांवरचा बर्फ झटकायची आणि परत यायची. ते गेले की ताई एकटीही जायची. मी विचारलं, "काय करतेस तिथं?" म्हणाली, "स्वयंपाकघरात उभी राहते थोडा वेळ." तिथं नुसता पाया होता. स्वयंपाकघर कुठलं ते तिलाच माहीत.

मधल्या काळात कारखान्याची अवस्था बिघडली. फळवाले पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे वळले. साचे रिकामे पडायला लागले. बायकांना कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा ताई मालकाच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "आपण पेट्यांऐवजी भिंती करू."

मालक चांगला माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडातला चहा टेबलावर आला. ताई हलली नाही. तिनं पेटीच्या दोन बाजू आणि प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन एक ठोकळा बनवून नेला होता. तो त्याच्या टेबलावर ठेवला आणि भाऊजींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मालक म्हणाला, "बाई, माझी बुडती नाव आहे, तुम्ही तिला भोक पाडताय की बूच लावताय तेवढं सांगा."

"रखवालदाराची खोली बांधून बघू," ताई म्हणाली. "पडली तर तो बाहेरच बसतो तसा बसेल."

नगरपालिकेचा इंजिनियर आला. तरुण, शांत माणूस. त्यानं ठोकळ्याचा तुकडा घेऊन काडी लावली. तुकडा आक्रसला, काळा धूर निघाला. "हे आतून उघडं ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "जाड गिलावा हवा, दोन्हीकडून." ताईनं रविवारी विचारलं तर भाऊजीही म्हणाले, "बरोबर सांगितलंय त्यानं, इथंही तेच बंधन आहे. त्याला नमस्कार सांग." ताईनं खरोखर जाऊन सांगितला.

काँक्रीट ओतायचा दिवस उजाडला तेव्हा कारखान्याच्या सगळ्या बायका कामाला होत्या आणि निम्मं गाव बघायला. ठोकळे सुरेख उभे होते. मिक्सर फिरत होता, घमेली वर जात होती. सगळ्यांना उत्साह आला होता, त्यात ताईलाही. एका कोपऱ्यात भराभर घमेली पडली. आधी पातळ फाटल्यासारखा आवाज झाला. मग कोपऱ्यातला ठोकळा फुगला आणि फुटला, आणि सगळं काँक्रीट लापशीसारखं बाहेर आलं. ताईनं फळी घेऊन खांदा लावला, पण ती काय अडवणार. कमरेपर्यंत राखाडी होऊन ती उभी राहिली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "थर्माकोलबाई, घर वाहून चाललं!" आणि लोक हसले.

रविवारी ती फोनपाशी आली तेव्हा खांदा शेकून फडक्यानं बांधलेला होता. तिनं सगळं सांगितलं.

"घाई केलीस," भाऊजी म्हणाले. हळू बोलत होते, ताईनं नंतर मला सांगितलं. "ओलं काँक्रीट बाजूला रेटतं. थोडं थोडं ओतत चौफेर फिरायचं. एक फेरी, मग थांबायचं, मग दुसरी फेरी. आणि कोपऱ्यांना बाहेरून फळ्यांचा आधार द्यायचा. मी हे सांगायला हवं होतं. मी सुतार ना, मला कोपरा बांधणं इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगायची गोष्ट आहे हेच सुचलं नाही."

"तुम्ही इथं असता तर फुटला नसता," ताई म्हणाली.

त्यावर ते काय म्हणाले ते मला माहीत नाही. ताईनं फोन कानाला घट्ट धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी मशीन जोरात चालवलं.

दुसऱ्यांदा त्यांनी तसंच केलं, फेरी घेत, थांबत. खोली उभी राहिली. गिलावा झाला. पहिला बर्फ पडला आणि रखवालदारानं बाहेर यायचं सोडलं. बोलावलं तर खिडकीतून हात दाखवायचा. मग जेवणाच्या सुट्टीत बायका त्याच्या खोलीत बसायला लागल्या, मग हिशेबनीस, मग खुद्द मालक काहीतरी निमित्त काढून. शेवटी रखवालदारच कंटाळला. "माझी राखण करायला कुणाला तरी ठेवा," म्हणाला. त्या खोलीची गंमत बघायला जो येई तो हात भिंतीला लावून बघे आणि गप्प होई. भिंत थंड नव्हती. आमच्या गावात हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

तिथून काम सुरू झालं ते थांबलं नाही. आधी एका शिक्षिकेचं घर. मग शाळेच्या दोन खोल्या, मग दवाखान्यातली बाळंतिणींची खोली. ठोकळे हलके, त्यामुळे रचायच्या कामाला ताईनं कारखान्यातल्याच बायका घेतल्या. ज्या बायका आधी साचा उघडायच्या त्या आता ओळंबा धरून उभ्या राहायच्या आणि गवंड्यांना दटावायच्या. घमेल्यांच्या जागी पंप आला, जाड नळीतून काँक्रीट भिंतीच्या पोटात पडू लागलं. खालच्या शहरांतून बांधकामवाले बघायला यायला लागले. इंजिनियरनं नगरपालिकेची नियमावली तयार केली तेव्हा ताईला शेजारी बसवून घेतलं.

एवढ्यात गल्लीत सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. रविवारचा फोन ताईच्या खिशात गेला. ती माझ्याकडे येईनाशी झाली असं नाही, पण रविवारी दुपारी येईनाशी झाली. मला त्या आवाजांची इतकी सवय झाली होती की त्या वेळेला मी उगाच दोरा संपल्याचं निमित्त करून थांबायचे. दुसऱ्याच्या संसारातलं बोलणं ऐकायची ओढ लागावी हे काही शोभणारं नाही, पण लागली होती.

ताईनं गावभर उबदार भिंती उभ्या केल्या आणि स्वतः त्याच घाम फुटणाऱ्या खोलीत राहिली. सगळे म्हणायचे, अगं, तुझी जागा आहे, तुझे ठोकळे आहेत, माणसं तुझी आहेत. इंजिनियरही म्हणाला. ती म्हणायची, "आमची भिंत आम्ही दोघं ओतणार." कधीकधी तिला जागेवर जाताना मी पाहायचे. सळयांना गंज चढू नये म्हणून ती त्यांना सिमेंटचं पाणी लावायची, फडक्यानं, एकेकीला. आजारी माणसाचं अंग पुसावं तसं.

तिकडं भाऊजींचंही एक वर्ष संपत नव्हतं. कधी अर्धवट इमारत, कधी नवीन माणसं शिकवायची. पुढं पुढं हिवाळ्याची सुट्टीही त्यातच जायला लागली. त्यांना यायचं नव्हतं असं नाही. ताई म्हणाली होती एकदा, "ते तिथं बसून माझीच वाट बघतायत आणि मी इथं बसून त्यांची. मधे फक्त घरं उभी राहतायत, लोकांची."

एका रविवारी फोन आला नाही. ताई दिवसभर मोबाइल हातात घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते तर दारात भाऊजी उभे. केस पांढरे, उजवा खांदा खाली झुकलेला, हातात बॅग. वजन उचलून खांदा कामातून गेला होता.

"ती कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"शाळेच्या कामावर. परत कधी जायचंय?"

"आता नाही जायचं," ते म्हणाले आणि माझ्या कापडांच्या ढिगावर बसून रडले.

उन्हाळ्यात घर बांधलं. ठोकळे रचताना ताईच्या बायका होत्या, पण काँक्रीट ओतताना नळी ताईच्या हातात आणि कोपऱ्यांपाशी भाऊजी. गावातले बरेच लोक आले होते. कुणी ओरडलं नाही. भाऊजी पंपवाल्याला म्हणाले, "चालू दे, चालू दे," तर ताई वरून ओरडली, "अहो, घाई नको! फेरी पुरी होऊ द्या!" सगळे हसले, आणि भाऊजी सगळ्यात मोठ्यानं. संध्याकाळी भिंती उभ्या राहिल्यावर ते म्हणाले, "एकच चुकल्यासारखं वाटतं. फळ्या काढून आतली भिंत बघता येत नाही. आयुष्यभर आत काय झालंय ते मानूनच चालायचं." ताई म्हणाली, "सवय आहे आपल्याला."

थंडी सुरू झाली आणि ती दोघं राहायला गेली. मी पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा मला तिथली शांतता जाणवली. बाहेर वारा झाडं वाकवत होता आणि आत काही ऐकू येत नव्हतं. भिंत कोरडी, पांढरी, हाताला कोमट. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली होती. तरी ताईचा चेहरा मला कसासाच वाटला.

भाऊजी दुसऱ्या खोलीत खुर्चीत बसले होते. ताई भांडी विसळता विसळता म्हणाली, "मला त्यांची फार आठवण येते गं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणाची?"

"यांची."

"अगं, ते पलीकडं बसलेत."

"ते नाहीत. फोनवरचे." तिनं नळ बंद केला. "ते किती बोलायचे. काय खाल्लं, मुकादम काय म्हणाला, कुठल्या भिंतीला काय झालं. सळईचा आवाजसुद्धा काढून दाखवायचे. आता सकाळी चहा घेतात, बरा झालाय म्हणतात, आणि संपलं. मी विचारते, बरं वाटतंय ना? म्हणतात, हो. इतकं शांत घर बांधलं आपण की आता दोघांपैकी कुणीच त्यात आवाज करत नाही."

मीसुद्धा त्याच माणसाला शोधत होते, खरं सांगायचं तर. या खुर्चीतल्या पांढऱ्या केसांच्या भाऊजींशी माझी नीटशी ओळखच नव्हती.

वसंतात ताईला खालच्या शहरात बोलावणं आलं. तिथं मोठ्या वसाहतीचं काम निघालं होतं आणि माणसांना शिकवायचं होतं. जावं की नाही याचा तिनं फार विचार केला, मग गेली. भाऊजी घरी एकटे. रविवारी दुपारी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन वर गेले. दारातच मला तो आवाज ऐकू आला आणि मी थांबले.

"अगं, ऐक तर! पाण्याच्या टाकीपाशी मांजरीनं पिल्लं घातलीत. आणि तुझा तो रखवालदार आला होता, म्हणतो, माझ्या खोलीला एक पडवी काढून द्या, पण कुणाला बसू देऊ नका... नाही, जेवलो नाही अजून, तुझी बहीण आणतेय... तू सांग, पहिला थर कसा बसला? कोपरे बांधलेस?"

ते खिडकीत उभे होते, झुकलेला खांदा भिंतीला टेकून, आणि हसत होते. मी डबा पायरीवर ठेवला आणि तिथंच बसले. उठावंसं वाटेना.

ताई परत आल्यावर एकदा तिनंच विषय काढला, माझ्यासमोर. "तुम्ही माझ्याशी फोनवर बोलता तसं घरात का बोलत नाही?"

भाऊजींनी हातांकडे बघितलं. "तिकडं असताना दिसेल ते मी तुला सांगायचं म्हणून बघायचो," ते म्हणाले. "आठवडाभर गोळा करायचो. इथं तू समोरच असतेस. जे मी बघतो ते तूही बघतेस. सांगू काय?"

ताई म्हणाली, "माझंही तसंच आहे की. मी तरी कुठं काय सांगते?"

त्यानंतर त्यांनी जे केलं ते गावाला विचित्र वाटलं. ताईकडे दोन कामं चालू होती, एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. तिनं पलीकडचं भाऊजींना दिलं. त्यांच्या खांद्याला उचलणं जमत नाही, पण डोळ्यांना आणि जिभेला काही झालेलं नाही. सकाळी दोघं घरातून निघतात आणि पुलापाशी वेगळी होतात. शेजारची एक बाई मला म्हणालीसुद्धा, "इतकी वर्षं लांब राहिली, आता तरी एकत्र काम करायचं ना." मी म्हटलं, त्यांचं त्यांना ठाऊक.

ताईला मी एकदा विचारलं, आता बरं आहे ना सगळं? ती म्हणाली, "बरं आहे. पण मधली वर्षं गेली ती गेलीच गं. कधीकधी त्यांच्याकडे बघताना वाटतं, यांचे केस पांढरे होताना मी एकदाही पाहिले नाहीत. एकदम झालेलेच मिळाले." आणि खिडकीतून पुलाकडे बघत राहिली, ते यायची वेळ झाली होती म्हणून.

परवा संध्याकाळी मी वर गेले. दार उघडं होतं. दोघं टेबलापाशी, हात हलवत, एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होती. पलीकडच्या कामावर एक गवंडी खिडकीची जागा सोडायला विसरला होता आणि अख्खी भिंत ओतून झाली होती. भाऊजी म्हणत होते कापून काढू, ताई म्हणत होती राहू दे, खिडकी दुसरीकडे घेऊ. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, तो गवंडी काय म्हणाला, मग कसा पळाला, ते भाऊजी उभं राहून करून दाखवत होते. मी बराच वेळ तिथं उभी होते. मला बस म्हणायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.